मुळं, गाठी आणि बुरशी: काळ्या मातीतल्या सहजीवनाच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

२० मे – माती आणि रेती

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडून झाडाला देतात. हे सहजीवन सोयाबीनच्या कुंड्यांत पाहायचं आहे. माती कळमेश्वर तालुक्यातल्या कोरडवाहू वावरातून आणली, वरच्या १५ सेंमी थरातली. दोन ढीग वेगळे ठेवले. पहिला ढीग सोयाबीन-चना फेरपालट कित्येक वर्षं चालू असलेल्या जागेचा. दुसरा धुऱ्यापलीकडच्या पडीचा, तिथे सोयाबीन कधीच पेरलेलं नाही. घमेली, खुरप्या, चाळण्यासुद्धा वेगळ्या. एकाच घमेल्यातून दोन्ही माती नेल्या तर पुढची सगळी तुलना वाया जाते.

सामू (पीएच) ८.१. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसते, म्हणजे चुनखडी भरपूर. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण चुन्याशी बांधलेला.

निव्वळ काळी माती कुंडीत चालत नाही. पाणी दिलं की फुगते, सुकली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. मुळं धुवायची म्हटली तर चिकणमाती गाठींसकट निघते. म्हणून कन्हान नदीची रेती आणि माती निम्मी-निम्मी. रेती २ मिमीच्या चाळणीतून काढून पाणी नितळ येईपर्यंत धुतली.

निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) १५ पौंड दाबावर, १२१ अंशांना, एक तास. एक दिवस मध्ये सोडून पुन्हा एक तास. पहिल्या उष्णतेत तग धरलेले बीजाणू मधल्या दिवसात उगवतात आणि दुसऱ्या फेरीत मरतात. ट्रेमध्ये थर ५ सेंमीपेक्षा जाड नको, मधला भाग तापत नाही. तापवलेल्या मातीत मँगनीज मोकळं होतं आणि रोपांची पानं करपतात, तेव्हा लगेच पेरायचं नाही. निर्जंतुक पाण्याने ओलवून, झाकून ठेवली आहे.

२९ मे – पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत का

कल्चरची (बियाण्याला लावायच्या गाठीच्या जिवाणूंची) दोन जातीची पाकिटं: सोयाबीनचं (ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम) आणि चन्याचं (मेसोरायझोबियम). खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात दर मिलिला १० कोटी. ही अट पाकिटावर छापलेली असते. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ते खरं राहिलंय का, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. मुदतीची तारीख शिल्लक असली म्हणून पेशी शिल्लक असतीलच असं नाही.

माध्यम, १ लिटरला: मॅनिटॉल १० ग्रॅम, यीस्ट अर्क ०.५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, मीठ ०.१ ग्रॅम, आगर १५ ग्रॅम, सामू ६.८. त्यात १ टक्का काँगो रेडचं द्रावण २.५ मिलि. रायझोबियम (गाठीतले हे जिवाणू) हा रंग फारसा शोषत नाही, वसाहती पांढरट, चिकट, अर्धपारदर्शक दिसतात. गडद लाल झालेली वसाहत बहुतेक वेळा भेसळ.

१० ग्रॅम भुकटी ९० मिलि निर्जंतुक पाण्यात १० मिनिटं हलवली, मग दहा-दहापट विरळ करत गेलो. शेवटच्या तीन पायऱ्यांतून ०.१ मिलि थाळीवर पसरलं. तापमान २८ अंश. सोयाबीनच्या जिवाणूला सात ते दहा दिवस द्यावे लागतात, तो मुळातच सावकाश वाढतो. दोन दिवसांत थाळी भरली तर आनंद मानू नये, ते दुसरंच काहीतरी असतं.

हिशेब असा: दहा लाखपट विरळ केलेल्या थाळीवर ४२ वसाहती दिसल्या तर ४२ × १० × १०,००,०००, म्हणजे ग्रॅमला ४२ कोटी. ३० ते ३०० वसाहतींच्या थाळ्याच धरायच्या.

थाळ्या लागेपर्यंत पाकिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रिज नसेल तर ओल्या रेतीत पुरलेल्या मडक्यात ठेवावीत, तोंडावर ओलं फडकं.

१७ जून – बीजप्रक्रिया

वावरात पेरणीलायक ओल झाली (७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन टाकायचं नाही, हा नियम कल्चरलाही लागू: कोरड्या गरम मातीत बियाण्यावरचे जिवाणू आधी मरतात). वाण जेएस-३३५.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅम कल्चर. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार केला. हे सगळं द्रावण बियाण्यावर ओतायचं नाही. सोयाबीनची साल पातळ, जास्त पाणी झालं की सुरकुतते आणि सुटते. बी नुसतं ओलसर चकाकेल इतकंच शिंपडायचं, भुकटी टाकायची आणि ताडपत्रीवर पसरून ताडपत्रीचे कोपरे उचलत घोळवायचं. हाताने चोळलं तर डाळी होतात. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी.

क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी कल्चर. क्रम पाळला तरी बुरशीनाशकाच्या थरावर बसलेले जिवाणू तासागणिक कमी होतात, म्हणून दोन्ही लावलेलं बी रात्रभर ठेवू नये. बी प्रक्रिया करूनच आलेलं असेल तर कल्चर बियाण्याला लावण्यापेक्षा द्रवरूप कल्चर पाण्यात मिसळून तासात (पेरणीच्या ओळीत), बियाण्याखाली सोडणं बरं.

एका दाण्यावर किती पेशी बसतात? १०० दाण्यांचं वजन सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे १० किलोत ८३ हजार दाणे. २५० ग्रॅम × ५ कोटी = १,२५० कोटी पेशी. दाण्याला साधारण दीड लाख. मोठ्या दाण्याच्या पिकाला लाखभर पेशी लागतात असा ठोकताळा आहे, त्यात बसतं. पण पाकीट उन्हात राहून शंभरपट घसरलं असेल तर हाच आकडा दीड हजारावर येतो.

कुंड्यांचे गट (सगळ्यांत सोयाबीन, निर्जंतुक मिश्रण):
क – कल्चर नाही.
ख – सोयाबीनचं कल्चर.
ग – चन्याचं कल्चर.
घ – सोयाबीनचं कल्चर, आणि पाण्यातून ०.०५ टक्के पोटॅशियम नायट्रेट.

बाकी पोषण नत्र नसलेल्या द्रावणातून, १ लिटरला: डायकॅल्शियम फॉस्फेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ प्रत्येकी ०.२ ग्रॅम, फेरिक क्लोराइड ०.१ ग्रॅम. वरून सूक्ष्मद्रव्यांचं द्रावण १ मिलि. त्यात मॉलिब्डेनम आणि कोबाल्ट आहेत ना हे पाहून घ्यावं. नत्र पकडणाऱ्या नायट्रोजिनेज विकराला (एन्झाइमला) मॉलिब्डेनम लागतं, जिवाणूला कोबाल्ट.

२६ जून – मूलरोमाचा (मुळावरच्या बारीक केसाचा) वळलेला आकडा

०.८ टक्के आगरच्या थाळीवर अंकुरलेल्या बियांना जिवाणूंचं पाणी दिलं होतं. आज ०.०१ टक्के मेथिलीन ब्ल्यूमध्ये मुळं रंगवून ४०० पटीत पाहिली. पाहायची जागा ठरलेली: मुळाच्या टोकाच्या किंचित मागे, जिथे मूलरोम नुकते फुटत असतात. वर पाहत बसलं तर काही दिसत नाही. लांब वाढून झालेल्या मूलरोमात जिवाणू शिरत नाहीत, कोवळ्यांतच शिरतात आणि ती वेळ काही तासांचीच.

‘ख’च्या मुळांवर बऱ्याच मूलरोमांची टोकं आकड्यासारखी वळलेली. एका आकड्याच्या पोटात निळसर ठिपक्यांचा पुंजका आणि तिथून आत जाणारी बारीक रेघ. तो संसर्गतंतू, जिवाणूंची आत शिरायची वाट. ‘ग’च्या मुळांवर केस सरळच.

इथवर येण्याआधी दोन्ही बाजूंनी खुणा दिल्या-घेतल्या गेल्या आहेत. सोयाबीनचं मूळ डेडझीन आणि जेनिस्टीन ही फ्लॅवोनॉइडं (खुणेची रसायनं) झिरपवतं. जिवाणूचं नॉड-डी प्रथिन ती हेरतं आणि नॉड (गाठ घडवणारी) जनुकं चालू होतात. मग जिवाणू नॉड घटक बनवतो: ॲसिटिलग्लुकोसामाइनच्या चार-पाच साखरांची साखळी, तिच्या एका टोकाला स्निग्धाम्लाचं शेपूट. शेपटाची लांबी आणि साखळीवरची सजावट जातीगणिक वेगळी, म्हणून चन्याच्या जिवाणूची खूण सोयाबीनला पटत नाही. मूलरोमाच्या पटलावरचे लायसिन-मोटिफ रिसेप्टर (खूण ओळखणारी प्रथिनं) ही खूण पकडतात आणि काही मिनिटांत पेशीकेंद्रकाभोवती कॅल्शियमचं प्रमाण ठेक्यात वर-खाली व्हायला लागतं.

यातली अडचण अशी की रोगकारक बुरशीच्या भिंतीतलं कायटिनही त्याच साखरेचं असतं, आणि ते ओळखणारे रिसेप्टरही याच घराण्यातले. कायटिनचा लांब, आठ साखरांचा तुकडा आला की झाड संरक्षण उभं करतं. शेपूटवाला आखूड तुकडा आला की दार उघडतं. शिवाय खूण पटल्यावरही तपासणी संपत नाही: सोयाबीनच्या काही वाणांत आरजे-२ हे जनुक असतं, ते रोगप्रतिकारक प्रथिनांच्याच कुळातलं आहे आणि ठरावीक ब्रॅडीरायझोबियमना आत आल्यावरही अडवतं. त्यामुळे एका वाणावर उत्तम चाललेलं कल्चर दुसऱ्यावर पडू शकतं.

९ जुलै

‘क’च्या दोन कुंड्यांत गाठी. दोन्ही ‘ख’च्या शेजारच्या रांगेतल्या. गच्चीवर पावसाचे थेंब एका कुंडीतून दुसरीत उडतात. दोन्ही कुंड्या बाद. उरलेल्यांच्या मातीवर तापवलेल्या रेतीचा २ सेंमी थर दिला, गटांमधलं अंतर वाढवलं, वर प्लॅस्टिकचं छत. पाणी देण्याचा क्रम ठरला: आधी ‘क’, मग ‘ग’, शेवटी ‘ख’ आणि ‘घ’. झारी उलट फिरवायची नाही.

२४ जुलै – गाठी कापल्या

रोपं उपटली नाहीत. कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून माती सुटू दिली. उपटलं की निम्म्या गाठी मातीत राहतात आणि आकडे खोटे येतात. वावरात हेच करायचं तर रोपाभोवती १५ सेंमी सोडून कुदळीने ढेकूळ काढायचं.

‘क’ (उरलेल्या): गाठी नाहीत, खालची पानं पिवळी.

‘ख’: गाठी मुख्य मुळाच्या वरच्या भागात, देठाजवळ दाटीने. बियाण्यावर लावलेल्या कल्चरची ही ओळख. ब्लेडने कापल्या की आत गुलाबी ते लालसर. हा लेगहिमोग्लोबिनचा रंग. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही आणि जिवाणूला श्वासाला ऑक्सिजन तर लागतो. लेगहिमोग्लोबिन तो धरून मोजका-मोजका पोचवतं.

‘ग’: काही नाही. चन्याचं पाकीट सोयाबीनला लावणं म्हणजे गूळ आणि मजुरी फुकट.

‘घ’: रोपं हिरवीगार, सगळ्यात उंच, आणि मुळांवर तुरळक, मोहरीएवढ्या गाठी. बहुतेक आतून पांढऱ्या. नायट्रेट आयतं मिळालं की झाड गाठींवर साखर खर्च करत नाही. पेरणीला युरियाची गोणी रिकामी करणाऱ्याने कल्चरवरही खर्च केला असेल, तर एक पैसा दुसऱ्या पैशाला मारतो आहे. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्राची शिफारस पेरणीसोबतची आहे, गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला आधार म्हणून. त्यापुढे वरून युरिया नको.

नोंदवहीत गाठींच्या संख्येचा रकाना मोठा होता, तो लहान केला. संख्येने ओळख पटली एवढंच कळतं. काम चालू आहे का हे कापल्यावर कळतं. रकाने आता असे: जागा (मुख्य मूळ की बाजूची मुळं), आतला रंग, सुकं वजन. गुलाबी म्हणजे चालू, हिरवी म्हणजे म्हातारी, पांढरी म्हणजे एकतर फार कोवळी किंवा निकामी. पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या आत पांढऱ्या गाठींवरून निकाल द्यायचा नाही.

किती गाठी ठेवायच्या हेही झाडच ठरवतं. पहिल्या गाठी फुटल्या की मुळातून लहान पेप्टाइडं पानांकडे जातात आणि वरून ‘पुरे’ असा निरोप खाली येतो. ही यंत्रणा मोडलेली सोयाबीनची उत्परिवर्तित रोपं मिळतात: मुळं गाठींनी लगडलेली आणि झाड खुरटं. आत येऊन फुकट खाणाऱ्यालाही झाड ओळखतं. २००३ मध्ये टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या मुळांभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथे आर्गॉन भरला, म्हणजे जिवाणूंना नत्र पकडताच येईना. त्या गाठींचा ऑक्सिजन झाडाने कमी केला आणि त्यांतले जिवाणू कमी वाढले.

सूत्रकृमीच्या गाठींशी घोटाळा होतो म्हणून: रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली, अंगठ्याने सरकवली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ओढलं तर मूळ तुटतं.

३० जुलै – मातीत आधीचे किती

दोन्ही ढिगांतली माती दहा-दहापट विरळ करत पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीला निर्जंतुक रेतीतली चार रोपं, रोपाला १ मिलि. आज गाठी असलेली-नसलेली रोपं मोजली. सोयाबीनच्या वावरातली माती दहा हजारपट विरळ करूनही गाठी येतात. पडीच्या मातीत शंभरपटीलाच संपल्या.

विदर्भात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर १९८०च्या दशकापासून पसरलं. त्यासोबत आलेले ब्रॅडीरायझोबियम आता जुन्या वावरांत घर करून आहेत. ते मातीत सगळीकडे असतात, पाकिटातले फक्त दाण्याभोवती. मूळ खाली-बाजूला गेलं की जुने बाजी मारतात, मग ते नत्र पकडण्यात डावे का असेनात. तेव्हा नव्याने सोयाबीनखाली येणाऱ्या जमिनीत कल्चरचा फरक डोळ्यांना दिसतो, जुन्या वावरात कल्चर न लावलेला पट्टा सोडून वजन केल्याशिवाय दिसत नाही. ‘दरवर्षी हमखास वाढ’ असं सांगणाऱ्याला आधी कुठल्या वावरात हे विचारावं.

८ ऑगस्ट – वावर चिबडलं

सखल भागात पाणी थांबलं, सोयाबीन पिवळं. लगेच युरिया फेकण्याआधी पानं पाहावीत. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह: चुनखडीच्या ओल्या मातीत लोह मिळेनासं होतं. पिवळे-हिरवे ठिपके मिसळलेले असतील तर मोझॅक हा विषाणूरोग, पांढरी माशी शोधा. इथे लोहाचा प्रकार होता. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना, गाळून फवारा.

गाठीही पाहिल्या. पाण्यातल्या गाठींवरच्या पांढऱ्या रेघा भिंगातून सुजलेल्या, भुसभुशीत दिसतात. त्या वायुरंध्रांच्या रेघा, हवा कमी पडली की वाढतात. आतला रंग फिका. चर काढून पाणी धुऱ्याबाहेर सोडलं. वाफसा येईपर्यंत डवरा घालायचा नाही, आणि घातला तरी तासाच्या मध्ये आणि उथळ, कारण कामाच्या गाठी वरच्याच थरात आहेत.

पोळ्यानंतरचा आठवडा – बुरशी रंगवणं

मुळांत राहून झाडाला स्फुरद पुरवणारी बुरशी (मायकोरायझा) पाहायची होती. ज्वारी आणि मोहरीची मुळं, वावरातल्या मातीत वाढवलेली. ज्वारीचे दोन गट: एक जसाच्या तसा, दुसऱ्याला भरपूर सुपर फॉस्फेट.

पद्धत: मुळांचे १ सेंमी तुकडे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ९० अंशांना, ज्वारीला २० मिनिटं. जून मुळांना पाऊण तास लागतो. धुऊन १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ, नाहीतर क्षार राहून रंग बसत नाही. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची ५ टक्के शाई घालून ३ मिनिटं उकळी. व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात २० मिनिटं ठेवलं की जादा रंग उतरतो. पूर्वीच्या ट्रिपॅन ब्ल्यूपेक्षा हे स्वस्त आणि कमी घातक. प्रत्येक कंपनीची शाई मात्र बसत नाही, आधी एका तुकड्यावर पाहावं.

साध्या ज्वारीत पेशींच्या आत फांद्या-फांद्या फुटलेले निळे झुपके, म्हणजे आर्बस्क्यूल. देवाणघेवाण होते ती इथेच: बुरशी स्फुरद देते, झाड साखर आणि स्निग्धाम्लं देतं. ही बुरशी स्वतः स्निग्धाम्लं बनवू शकत नाही, म्हणून झाडाविना तिची शेती थाळीवर होत नाही. सुपर फॉस्फेटवाल्या ज्वारीत झुपके मोजके. मोहरीत काहीच नाही: मोहरी, कोबी, पालक, चवळाई ही पिकं या बुरशीला जवळजवळ थारा देत नाहीत. त्यांच्यामागून येणाऱ्या पिकाला मातीत बुरशी कमी मिळते, हे फेरपालट आखताना धरावं.

स्फुरदाची टंचाई असली की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन हे रसायन सोडतं आणि त्याने बुरशीचे तंतू मुळाजवळ भराभर फांद्या फोडतात. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवलं. त्याच्या कितीतरी आधी हेच रसायन वेगळ्या कारणासाठी माहीत होतं: ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाचं बी त्याच वासावर उगवतं. मित्राला मारलेली हाक चोरालाही ऐकू जाते.

२२ सप्टेंबर

संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात त्या जंबेरी खुंटाची रोपं पाहिली. लिंबूवर्गीय झाडांना मूलरोम कमी आणि आखूड, त्यामुळे स्फुरदासाठी बुरशीवरची भिस्त जास्त. रोपवाटिकेत मूळकुजीच्या भीतीने माती तापवून किंवा धुरी देऊन निर्जंतुक करतात, त्यात ही बुरशीही जाते. रोपं महिनोन्‌महिने बसकी राहतात आणि खत वाढवत नेलं जातं. माती तापवायला हरकत नाही, पण पिशवी भरताना मुळाखाली बुरशीचं कल्चर घालावं. वरून शिंपडून उपयोग नाही, या बुरशीला मूळ लागतं.

१४ ऑक्टोबर – काढणी

शेंगा भरायला लागल्यापासून गाठी हिरवट-तपकिरी आणि पोकळ होत गेल्या. साखर दाण्यांकडे वळली. सोयाबीन जमिनीत भरपूर नत्र ठेवून जातं, हे सरसकट म्हणू नये. दाण्यात जवळपास ४० टक्के प्रथिनं, म्हणजे पकडलेल्या नत्राचा मोठा वाटा पोत्यात भरून बाजारात जातो. कुटार वावरातच राहिलं तर थोडं परत मिळतं. उचलून गंजी घातली तर तेही नाही.

२० नोव्हेंबर – चना

चन्याला चन्याचंच कल्चर लावलं, पाकीट नवं, मोजून घेतलेलं. त्याच्या गाठी सोयाबीनसारख्या गोल येणार नाहीत. टोकाला वाढत राहतात, फांद्या फुटतात, जुनी बाजू हिरवी आणि टोक गुलाबी दिसतं. एकच गाठ उभी कापली की दोन्ही अवस्था मिळतात, म्हणून विद्यार्थ्यांना दाखवायला चना सोयीचा.

डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातून २०२५ मध्ये आलेलं काम २६ जूनच्या नोंदीला जोडून ठेवलं. लोटस जॅपोनिकस या शेंगवर्गीय रोपात त्यांनी संरक्षणाचा संदेश देणाऱ्या रिसेप्टरमधली दोनच अमिनो आम्लं बदलली आणि तो गाठी घडवण्याचा संदेश द्यायला लागला. बार्लीच्या रिसेप्टरवरही तसा बदल लोटसमध्ये चालला. याचा अर्थ बार्लीला गाठी आल्या असा नाही, गव्हाला तर नाहीच. खूण पटल्यापुढे संसर्गतंतू, गाठीची बांधणी, ऑक्सिजनची राखण हे सगळं अजून उभं करायचं राहतं.

पुढच्या मोजणीला चन्याची रोपं फुलोऱ्याच्या सुमाराला काढायची. ढेकूळ २० सेंमी खोल घ्यायचं: रब्बीत वरचा थर सुकतो आणि गाठी खाली सरकतात.